मामांनी सुचवलेली चार रमणीय स्थळे

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा उभ्यानेच नमस्कार घ्यावा. वाकून करणार होतो, पण उजवा गुडघा सुजून कोबीच्या गड्ड्याएवढा झाला आहे आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात. कसे ते पुढे येईलच. तुमची प्रकृती कशी आहे? ती उत्तम असावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मी जे लिहिणार आहे ते आजारी माणसाला लिहिणे शोभणार नाही. खोकला असल्यास आधी बरे व्हावे आणि मगच पुढचे वाचावे. आई ठीक आहे. हे पत्र लिहितो आहे हे तिला सांगितलेले नाही. ती तुमची धाकटी बहीण, तुमचीच बाजू घेईल. (पहिलीच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला सायकलवरून भलत्याच शाळेत नेऊन बसवलेत, ती तुमच्या फेरीत आधी लागत होती म्हणून, आणि मी तिथे दोन दिवस शिकलो. तेव्हाही तिने तुमचीच बाजू घेतली होती.)

आज सोमवार, सकाळचे अकरा. मी माझ्या खिडकीत बसलो आहे, आणखी किती दिवस बसेन ते सांगता येत नाही. तुम्ही ही खिडकी कधी पाहिलेली नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकासमोर मालकीणबाईंचे बारा खोल्यांचे अतिथिगृह आहे आणि त्याच्या दाराशी ही खिडकी आहे. तिच्यामागे बसून मी गेली दोन वर्षे पाहुण्यांना उद्यानात शिरण्याचे परवाने काढून देतो. उद्यानात दिवसाला चाळीस गाड्या सोडतात. एकेचाळिसाव्या गाडीतली माणसे परत येतात, जेवणघरात बसतात आणि चहा थंड आहे अशी तक्रार करतात. चहा थंड नसतो. ती माणसे लांबून जंगली प्राणी पाहायला आलेली असतात आणि त्यांना पाहायला मी मिळतो, एवढेच त्यांचे दुःख असते. त्यातच गेल्या महिन्यापासून परवाने घरबसल्या फोनवर निघू लागले. मालकीणबाईंनी एकदा खिडकीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुझं आता करायचं काय?" (ही बाई ओरडली तर बरे वाटते. शांतपणे विचारते तेव्हा मी आधी माझी पेटी कुठे आहे ते पाहतो.)

घाबरून माझ्या तोंडून निघून गेले की उद्यानाच्या पलीकडेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे, माझ्या सख्ख्या मामांनी त्या डोंगरांत एकतीस वर्षे सायकलवरून टपाल वाटले आहे आणि त्यांना तिथला दगड न् दगड माहीत आहे. त्यावर मालकीणबाईंचे म्हणणे असे पडले की एक दिवसाची सहल काढून दाखव. परत आल्यावर पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत बरे लिहिले तर खिडकी राहील आणि खिडकीमागे तू राहशील. नाहीतर पहिल्या तारखेपासून त्या जागेत चपला ठेवायची मांडणी बसेल. मामा, मी नववीत शाळा सोडलेला माणूस. मला दुसरी खिडकी कोण देणार?

म्हणून तुम्हाला लिहिले. तुमचे उत्तर आठवड्याच्या आत आले, सहा पाने, दोन्ही बाजूंनी भरलेली. एरवी आईच्या पत्राला तुम्ही दोन ओळींत उत्तर देता आणि त्यातली एक पत्त्याची असते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चार रमणीय स्थळे, त्यांची वर्णने, जायची वाट आणि लागणारा वेळ, सगळे इतके नीटनेटके, की मी ते शब्दशः उतरवून काढले. तुमचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले (एकूण बेचाळीस), पण अंतरे सुधारावीत हे काही डोक्यात आले नाही. जाड कागदावर दोनशे प्रती छापून घेतल्या. वर मथळा दिला, 'उद्यानापलीकडची रमणीय सहल'. काल रविवारी सव्वासातला अकरा पाहुण्यांना घेऊन निघालो. त्यानंतर जे झाले ते मी मिनिटांसकट सांगणार आहे, कारण मी सगळे टिपून ठेवले आहे.

पहिले स्थळ, 'शुभ्र धारांचा पडदा'. पत्रकात तुमचे शब्द आहेत, 'बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपासून पंधरा मिनिटांची सुखद वाट'. गिरणीपाशी डांबर संपले आणि आमच्या चालकाने गाडी उभी करून डोळ्यांवर रुमाल टाकला. पंधरा मिनिटेच तर जायचे, म्हणून जेवणाची टोपली मी गाडीतच ठेवली. (ही चूक माझी आहे, मान्य करतो. पण ती मी तुमच्या पंधरा मिनिटांच्या भरवशावर केली.) पाहुण्यांमध्ये एक दातांचे डॉक्टर होते, पांढरे बूट घातलेले, दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहणारे. तासभर चढून झाल्यावर ते माझ्याजवळ आले. "ही पंधरा मिनिटं कुणाची?" मी म्हणालो, माझ्या मामांची. "मामा काय घोड्यावर होते?" मी म्हणालो, नाही, सायकलवर. आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच मला उलगडा झाला. मामा, तुम्ही सगळी अंतरे सायकलची दिली आहेत. तीही वरून खाली येतानाची. एकतीस वर्षांत तुम्ही ती वाट एकदाही चढला नाहीत काय? (चढताना वेळ मोजायचा नाही असे तुमचे काही तत्त्व असेल, तर तेही पत्रात कळवायचे होते. छापले असते.)

एक तास वीस मिनिटांनी आम्ही पोचलो. शुभ्र धारांचा पडदा म्हणजे गिरणीला पाणी नेणाऱ्या जुन्या पाटाला गेलेला तडा आहे. त्यातून पाणी गळते. मिनिटाला बादलीभर असेल. शुभ्र आहे, हे मी नाकारत नाही. अकरा माणसे त्या गळतीसमोर अर्धवर्तुळात उभी राहिली. शेवटी डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघरात याहून जास्त गळतं, पण आम्ही कुणाला बोलावत नाही." आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. प्राणी पाहण्यासाठी त्यांनी नवी दुर्बीण आणली होती. प्राणी नाहीत म्हणून त्या ती दरीपलीकडे फिरवत बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी सर्वांना कळवले की पलीकडे लाल कौलांचे, निळ्या दाराचे एक घर आहे आणि अंगणातल्या दोरीवर चार चादरी वाळत आहेत. तेवढेच काय ते आम्हाला तिथे पाहायला मिळाले.

आता दुसरे स्थळ, आणि इथे माझा राग अनावर होतो. वाट विचारायला तुम्ही कुठल्या खुणा दिल्या आहेत ते तुम्हाला आठवते का? 'सैन्यातल्या मुलाची पत्रे येतात त्या घराशी डावीकडे वळावे, पुढे कुत्रा चावतो तिथे उजवीकडे.' मामा, झाड सांगावे, विहीर सांगावी, वळण सांगावे. अकरा माणसे मागे उभी करून मी दारोदार विचारत होतो की तुमच्याकडे सैन्यातून पत्र येते का. पहिल्या घरातल्या बाईने तोंडावर दार लावले. तिसऱ्या घरी पांढऱ्या मिशांचे एक आजोबा बाहेर आले आणि म्हणाले, "तो मुलगा मीच." त्यांना निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली. तुमचे नाव काढताच त्यांनी आम्हा सर्वांना ओट्यावर बसवले आणि तुम्ही त्यांच्या आईला पत्र कसे दोनदा वाचून दाखवत होता, एकदा लिहिल्याप्रमाणे आणि एकदा तिला बरे वाटेल तसे, हे पाऊण तास सांगितले. हे सगळे ऐकायला छान आहे, पण सहलीचा पाऊण तास गेला. शिवाय त्यावरून तुमच्या लिखाणाची जात मला कळली, ती उशिरा कळली एवढेच.

कुत्रा मेला असेल अशी माझी समजूत होती. मेला आहे. त्याचा नातू आहे. घराणे तेच, दात तेच. मी पत्रक हातात धरून पुढे चाललो होतो आणि 'उजवीकडे' या शब्दावर असतानाच तो आला. मी कुंपणावरून उडी मारली, ती अपुरी पडली, आणि माझा गुडघा दगडावर आपटला. मागून कोणीतरी टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले, "चला, एक हिंस्र प्राणी तरी बघायला मिळाला." (आमच्यात एक नवे जोडपे होते. त्यांनी यातले काहीही पाहिले नाही. सबंध सहलीत त्या दोघांनी फक्त एकमेकांनाच पाहिले आणि त्यांचा अभिप्राय चांगला येईल अशी मला एकमेव आशा आहे.) त्यानंतर ते दुसरे स्थळ, 'पाषाणांचे सभागृह', आले. ती दगडाची सोडून दिलेली खाण आहे आणि कोणीतरी तिच्यात बदके पाळली आहेत. सभा भरलेलीच होती. दीडशे तरी सभासद असतील, सगळे एकाच वेळी बोलत होते आणि वासाबद्दल मी कागदावर लिहू इच्छित नाही. वास चुकवायला पाहुणे खाणीच्या वरच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथून मुख्याध्यापिकांनी दुर्बीण लावली. "तेच घर," त्या म्हणाल्या. "तीन चादरी. एक काढली."

तिसरे स्थळ, 'क्षितिजाचे सिंहासन'. एव्हाना साडेबारा वाजले होते, टोपली गाडीत होती, गाडी गिरणीपाशी होती आणि पांढरे बूट पांढरे राहिले नव्हते. सिंहासन म्हणजे मैलाचा दगड निघाला. त्यावर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, त्यामुळे पाहुण्यांनी रांग लावली आणि आपापली पाळी येताच बसून, उठून बाजूला झाले. शेवटी मीही बसलो, गुडघ्याला आधार म्हणून. मामा, त्या दगडाची बैठक झिजून गुळगुळीत झाली आहे, नेमकी एका माणसाच्या मापाची. आणि तिथून क्षितिज दिसतच नाही. मध्ये टेकडी येते. दिसते ते एकच, लाल कौलांचे, निळ्या दाराचे घर, हाकेच्या अंतरावर, चित्र टांगल्यासारखे सरळ समोर.

मुख्याध्यापिका माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "बाळ, तुझी सहल त्या घराभोवती फिरते आहे." मी म्हणालो, योगायोग असेल, बाई. "दुसऱ्यांदापर्यंत मी योगायोग चालवून घेते. तिसऱ्यांदा आणलास तर वर्गाबाहेर उभं करते." मग त्यांनी दुर्बीण लावली आणि आवाज खाली आणला. "एक बाई आहे अंगणात. कमरेवर हात ठेवून उभी आहे. आपल्याकडेच बघतेय." अकरा माणसे उपाशी होती आणि पत्रकात लिहिले होते की चौथे स्थळ, 'निळा आरसा', तिसऱ्याच्या पायथ्याशी तीन मिनिटांवर आहे. तळ्याच्या काठी सावली तरी असेल म्हणून आम्ही उतरलो. तीन मिनिटेच लागली, सगळ्या पत्रकातले तेवढे एक अंतर खरे निघाले. मामा, निळा आरसा हे तळे नाही. ते त्या बाईच्या अंगणातले धुण्याचे टाके आहे. त्यात साबणाचे पाणी होते आणि कडेला दोन वाळलेल्या चादरी घडी घालून ठेवल्या होत्या. मी छापील पत्रक हातात धरून, अकरा पाहुण्यांना घेऊन, एका परक्या बाईच्या अंगणात तिचे धुणे बघायला उभा होतो. लाजेने माझ्या कानांतून वाफा निघत होत्या.

ती बाई म्हणजे त्या वीस गावांची सुईण. (तुम्हाला सांगायला नको. मीच मूर्ख, तुम्हाला सांगतो आहे.) केस पांढरे, हात मजबूत, बोलणे थोडके. तिने आधी माझा गुडघा पाहिला, मला न विचारता पाय लांब करायला लावून पट्टी बांधली, आणि मग विचारले, "कुणी पाठवलं?" मी पत्रक पुढे केले. तिचा चष्मा आत होता, म्हणून मला ते मोठ्याने वाचावे लागले. शुभ्र धारांपासून निळ्या आरशापर्यंत सगळे, तिच्यासमोर, अकरा साक्षीदारांच्या देखत. ती हसली नाही. डॉक्टर मध्येच तक्रार करू लागले तेव्हा तिने त्यांच्या हातात सुरी आणि बटाट्यांची पाटी दिली. ते म्हणाले, मी दातांचा डॉक्टर आहे. ती म्हणाली, "मग हातांना सवय असेल. दात थांबतात, माझी गिऱ्हाईकं थांबत नाहीत, मला उभ्या उभ्या माणसं कामाला लावायची सवय आहे. सालं पातळ काढा." आणि मामा, त्यांनी ती पातळ काढली. पाऊण तासात उकडलेले बटाटे, अंडी, लोणी आणि चहा आला. टाक्याच्या कडेला ओळीने बसून सगळे जेवले. जेवताना ती माझ्याजवळ येऊन हळूच विचारून गेली, "तो आहे ना अजून?" मी म्हणालो, आहेत. "सायकल?" मी म्हणालो, विकली. त्यावर तिने मला आणखी एक बटाटा वाढला.

आणि आता ऐका. जेवण झाल्यावर तिने विचारले की गाडी कुठे आहे. मी म्हणालो, गिरणीपाशी. ती म्हणाली, घराच्या मागून पक्की सडक जाते, फोन करून गाडी तिथे बोलवा. सडकेने तिचे घर उद्यानाच्या फाटकापासून बारा मिनिटांवर आहे. बारा. मी घड्याळ लावून पाहिले. तुम्ही मला त्या घराभोवती पाच तास पायी फिरवले, गळतीपासून, बदकांपासून, मैलाच्या दगडापासून ते दाखवले आणि शेवटी धुण्यापर्यंत आणून सोडले. त्या दगडावर बसून डबा खाताना तुम्ही कुणाच्या अंगणाकडे पाहत होता हा तुमचा प्रश्न आहे. मी तुमचा भाचा आहे, मी त्यात बोलणार नाही. पण तो माझ्या खिडकीसाठी दोनशे प्रतींत छापायला द्यायचा नव्हता.

अभिप्रायाची वही काल संध्याकाळपासून डॉक्टरांच्या खोलीत आहे. आज सकाळी दहाला त्यांनी खाली निरोप पाठवून दुसरे पेन मागवले. याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच ठरवा. तेव्हा माझी मागणी एकच आहे आणि ती मी स्पष्ट लिहितो. तुम्ही मालकीणबाईंच्या नावे एक पत्र पाठवावे, त्यात लिहावे की अंतरे माझी, वर्णने माझी, बदकांची मला कल्पना नव्हती, आणि माझ्या भाच्याने फक्त शुद्धलेखन केले. सही पूर्ण करावी, नुसती रेघ ओढू नये. पत्र आठवड्याच्या आत आले नाही तर आपले मामा-भाच्याचे बोलणे बंद समजावे. आईला काय सांगायचे ते मी पाहीन.

थोरल्यांपुढे आवाज चढवल्याबद्दल क्षमा मागत नाही.

आपला,
(अजून तरी) खिडकीतला भाचा

ता. क. सोमवार, दुपारचे चार. वही आली. डॉक्टरांनी चार पाने भरली आहेत. पहिल्या तिन्हींवर एकेका स्थळाचा समाचार आहे आणि मी तो इथे उतरवणार नाही, कारण अक्षर चांगले असले तरी माणूस चांगला नाही. चौथ्या पानावर मात्र त्यांनी लिहिले आहे की टाक्याच्या कडेला बसून खाल्लेले बटाटे त्यांनी स्वतः सोलले होते आणि इतके चांगले बटाटे त्यांनी आयुष्यात खाल्लेले नाहीत, पुढच्या रविवारी थोरल्या बहिणीला घेऊन येतो, दोन जागा राखून ठेवाव्यात. खाली मुख्याध्यापिकांनी 'सहमत' असे लिहून तीन जागा मागितल्या आहेत. नव्या जोडप्याने लिहिले आहे की धबधबा सुंदर होता. मालकीणबाईंनी सगळे दोनदा वाचले आणि निकाल दिला की गळती, बदके आणि दगड काढून टाक, ते घर ठेव, दर रविवारी गाडी सडकेने जाईल. त्या बाईची लेखी संमती आण, खिडकी तुझी. पाहुण्यांचे येणेजाणे तिच्या अंगणात होणार, तेव्हा तोंडी चालणार नाही. उद्या जातो. तोवर हे पत्र टाकत नाही.

आणखी ता. क. मंगळवार, सकाळ. चालकाने तिच्या दाराशी सोडले. संमतीचा कागद मी स्वच्छ अक्षरात लिहून नेला होता. तिने तो वाचला, घडी घातली आणि सही न करता परत दिला. म्हणाली, "माझ्याकडे पत्र कशाला येणार? माझ्याकडे लोक धावत येतात. मी इथे आल्यापासून तो निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं, मला एक पत्र आलं नाही. तरी तो रोज साडेबाराला कुंपणाशी यायचा आणि सांगायचा, आज तुमचं टपाल नाही. टपाल नाही हे सांगायला कुणी रोज टेकडी उतरून येतं का? आणि निवृत्त झाला, तेव्हा एवढंही सांगायला आला नाही." मग बराच वेळ ती चादरी झटकत राहिली आणि मी कागद हातात घेऊन उभा राहिलो. शेवटी तिने सांगितले की सही करीन, पण ज्याने लिहिले आहे त्याच्यासमोर करीन.

शेवटचा ता. क. मालकीणबाईंना पत्र पाठवू नका. एवढ्यात कोणालाच पत्र पाठवू नका, मामा, तुमच्या पत्रांनी पुष्कळ झाले. हे तुम्हाला शुक्रवारी मिळेल. शनिवारी दुपारच्या गाडीत बसा, मी स्टॉपवर उभा असेन. दाढी करून या, इस्त्रीचा शर्ट आणा आणि गुडघ्याचे कारण सांगू नका, माझा तुमच्याहून मोठा झाला आहे. रविवारी सव्वासातला चालकाच्या शेजारची जागा तुमच्यासाठी धरली आहे. काय घेऊन जावे याचा विचार करत बसू नका. मी तिला विचारले. म्हणाली, रिकाम्या हातांनीच येऊ दे, तेवढी मला सवय आहे.